सोने का पालना ते मोगलाई : जालन्याच्या मुलखातील वाक्प्रचारांची कुळकथा

म्हणीचा उगम सांगणारी गोष्ट पुष्कळदा त्या म्हणीपेक्षा वयाने लहान असते. म्हण आधी तोंडात बसते, तिच्यातला एखादा शब्द पुढे जुना होऊन दुर्बोध होतो आणि मग तो दुर्बोधपणा सहन न झालेली पिढी त्याच्याभोवती एक घटना, एक राजा किंवा एखादा शाप उभा करते. अशा मागाहून रचलेल्या स्पष्टीकरणाला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. इंग्रजीत जोराच्या पावसाला ‘मांजरे आणि कुत्री पडतात’ असे म्हटले जाते आणि त्याची उपपत्ती म्हणून जुन्या काळी गवती छपरात निजणारी ही जनावरे पावसाने निसरड्या झालेल्या छपरावरून खाली घसरत, अशी कथा आजही छापली जाते. तिला पुरावा नाही, पण ती ऐकायला गोड असल्याने टिकून आहे. मराठी माणसाला ‘मुसळधार’ शब्दापाशी असे अडखळावे लागत नाही, कारण उखळातले मुसळ कालपरवापर्यंत घराघरांत होते. मात्र ज्या शब्दांच्या पाठीमागची वस्तू, राज्य किंवा लढाई नाहीशी झाली, त्यांच्या बाबतीत मराठीही इंग्रजीइतकीच गोष्टीवेल्हाळ आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांतील तालुके एकत्र करून जो जालना जिल्हा निर्माण झाला, त्याच्या मुलखाशी नाते असलेले काही वाक्प्रचार तपासले, तर खरा उगम आणि रचलेला उगम यांतला फरक कसा ओळखावा, याचे बरेच धडे एकाच ठिकाणी मिळतात.

जिल्ह्याच्या नावाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध म्हण ‘जालना, सोने का पालना’ ही होय. तिचा अर्थ सांगताना प्रत्येक काळाने आपापला धंदा त्या पाळण्यात घातलेला दिसतो. विणकरांच्या आणि सावकारांच्या काळाची आठवण ठेवणारे ती जुन्या पेठेला लावतात. १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद ही मीटरगेज लोहमार्गाची वाट सुरू झाल्यावर जालन्याच्या कापूस बाजाराला जे दिवस आले ते पाहिलेल्यांना सोने म्हणजे कापूसच वाटले, आणि १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे बियाण्यांची कंपनी स्थापन केल्यानंतर संकरित बियाणे आणि त्यापाठोपाठ लोखंडी सळयांचे कारखाने यांच्या भरभराटीवर वाढलेली पिढी म्हणीचा अर्थ त्या उद्योगांत शोधते. म्हण अक्षरशः घेऊन येथील श्रीमंतांची मुले खरोखरच सोन्याच्या पाळण्यात झोके घेत होती, असे सांगणारेही आहेतच.

या सर्व अर्थांपेक्षा म्हणीचे उच्चार अधिक बोलके आहेत. ‘जालना’ या नावात ल आणि न आहेत, तर मराठी ‘पाळणा’ या शब्दात ळ आणि ण आहेत. मराठी कानाला ल-न आणि ळ-ण ही वेगवेगळी अक्षरे आहेत आणि ‘जालना, सोन्याचा पाळणा’ असे म्हणून पाहिले की यमक लंगडे पडते. ज्या बोलीत ळ उच्चारला जात नाही आणि पाळण्याला ‘पालना’ म्हणतात, त्या हिंदुस्थानी किंवा दखनी बोलीतच हे यमक नेमके बसते. दखनी म्हणजे दक्षिणेत रुजलेली, मराठी आणि तेलुगू शब्दांची सरमिसळ झालेली जुनी उर्दू बोली. याचा अर्थ असा की ही म्हण माजघरात किंवा शेतात जन्मलेली नाही. जेथे मारवाडी अडत्या, मुसलमान विणकर आणि मराठी शेतकरी यांना एकमेकांशी भाव ठरवण्यासाठी एका सामाईक बोलीची गरज होती, त्या पेठेत ती जन्मली आहे. तिच्यातील ‘का’ हा षष्ठीचा प्रत्यय मराठी तोंडांनी आजवर बदलला नाही, हे तिच्या जन्मस्थानाचे प्रमाणपत्रच म्हणावे लागेल.

शहराच्या नावाबद्दलही अशीच एक कथा गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथात, नोंदलेली आहे. रामायणकाळी हे गाव जनकपूर होते आणि सीतेचे येथे वास्तव्य होते, पुढे एका धनाढ्य मुसलमान विणकराच्या विनंतीवरून त्याच्या ‘जुलाहा’ या व्यवसायावरून गावाला जालना हे नाव पडले, असे ती सांगते. जुलाह्याचे जालना होण्याला उच्चारशास्त्राचा आधार फारसा मिळत नाही आणि जुन्या कागदांत नाव जालनापूर असे येते, तेव्हा या कथेला इतिहास म्हणून मोल नाही. परंतु गावाची ओळख विणकर आणि त्याच्या पैशावरून सांगावी असे कथा रचणाऱ्याला वाटले, एवढी साक्ष मात्र तीतून निघते. ती साक्ष दुसऱ्या बाजूनेही खरी ठरते. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालन्याची पेठ लुटली, तेव्हा शहरातील सधन लोकांनी आपली चीजवस्तू घेऊन जान महंमद नावाच्या फकिराच्या आश्रयस्थानी धाव घेतली होती, असे तत्कालीन इतिहासातून कळते; ज्या गावाची लूट मोहिमेचा खर्च भागवू शकेल अशी अपेक्षा धरली जाते, त्या गावाला सोन्याचा पाळणा म्हणणे अतिशयोक्ती असली तरी निराधार नव्हे. याच लुटीनंतर पाच महिन्यांच्या आत, एप्रिल १६८० मध्ये, महाराजांचे निधन झाल्यामुळे त्या फकिराच्या शापाची गोष्ट रचली गेली आणि खाफीखानासारख्या मोगल इतिहासकाराने ती नोंदवलीही. आधी परिणाम, मग त्याला साजेसे कारण, हा लोकव्युत्पत्तीचा नियम शापकथेलाही तंतोतंत लागू पडतो.

पेठेतून निघून जिल्ह्याच्या आग्नेयेकडे गेले की परतूर लागते आणि येथे मात्र एका वाक्प्रचाराचा उगम तारीखवार सांगता येतो. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर येथे निजामाचा पराभव करून साठ लाखांचा मुलूख मिळवल्यानंतर सदाशिवरावभाऊंचा तळ ज्या पडदूर गावी पडला होता, ते आजचे परतूर मानले जाते. दत्ताजी शिंदे उत्तरेत कामास आल्याची बातमी आल्यावर अहमदशाह अब्दालीवर कोणी जावे याचा निर्णय याच सुमारास झाला आणि १४ मार्च १७६० रोजी भाऊसाहेब, विश्वासराव आणि इब्राहीमखान गारदी यांच्यासह मराठ्यांची फौज परतूरहून उत्तरेकडे निघाली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे झाले ते या प्रस्थानानंतर बरोबर दहा महिन्यांनी झाले. ‘पानिपत होणे’ म्हणजे धुव्वा उडणे, हा वाक्प्रचार आज निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी प्रत्येक मराठी वर्तमानपत्राच्या मथळ्यात असतो. त्या शब्दाचे दुसरे टोक परतूरच्या माळावर आहे, हे मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

त्या फौजेबरोबर आणखी दोन शब्द उत्तरेला गेले आणि परत आले ते अर्थ बदलून. फौजेच्या मागे सामानसुमान वाहणारे, बाजार लावणारे, यात्रेकरू, बायकामुले असा लढणाऱ्यांहून कितीतरी मोठा जमाव होता. लष्कराबरोबरच्या अशा बिनलढाऊ लटांबराला ‘बुणगे’ म्हणत आणि त्यांतील दुकानदार-हमालांचा भाग म्हणजे ‘बाजारबुणगे’. आज हा शब्द कामाच्या वेळी निरुपयोगी ठरणाऱ्या, गोंगाट करणाऱ्या माणसांसाठी तुच्छतेने वापरला जातो. पण मुळात तो तुच्छतादर्शक नव्हता, तर लष्करी खात्यातला साधा वर्गवाचक शब्द होता. जिच्या पोटाला अन्न पुरवण्याची व्यवस्था कोलमडली अशी फौज उपाशी लढली, आणि त्या उपासमारीचा दोष पुढच्या पिढ्यांनी या मुक्या जमावावर टाकला, हे शब्दाच्या अधोगतीचे खरे कारण असावे.

दुसरा शब्द ‘भाऊगर्दी’ हा. इच्छुक उमेदवारांची भाऊगर्दी झाली, असे वाचताना आजच्या वाचकाला गल्लोगल्लीचे भाऊ, दादा आणि अण्णा डोळ्यांसमोर येतात आणि शब्द इतका चपखल वाटतो की त्यामागे दुसरे काही असेल अशी शंकाही येत नाही. वास्तविक हे भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ, आणि गर्दी म्हणजे माणसांची दाटी नव्हे. फारसी ‘गर्द’ म्हणजे धूळ. जुन्या मराठीत ‘गर्दीस मिळविणे’ म्हणजे धुळीस मिळविणे आणि ‘पेंढारगर्दी’ म्हणजे पेंढाऱ्यांनी घातलेला धुमाकूळ. त्या हिशेबाने भाऊगर्दी म्हणजे भाऊंच्या फौजेची पानिपतावर झालेली धूळधाण, तिच्यातील ती भयानक सरमिसळ. पुढे ‘गर्दी’चा अर्थच दाटीवाटी असा झाला, तेव्हा भाऊगर्दीतले रक्त वाळून गेले आणि उरली ती चेंगराचेंगरी. इब्राहीमखानाचे ‘गारदी’ हे उपनाम मात्र या शब्दाशी संबंधित नाही. कवायती पायदळातील शिपायाला लावला जाणारा तो शब्द युरोपीय ‘गार्ड’ शब्दावरून आला आहे. गर्दी आणि गारदी एकाच रणांगणावर भेटले म्हणून एकाच कुळातले ठरत नाहीत.

पानिपतच्या आठवणीने आणखी एक वाक्प्रचार आपल्याकडे ओढून घेतला आहे आणि तेथे मात्र सावध राहिले पाहिजे. ‘संक्रांत कोसळणे’ किंवा ‘संक्रांत येणे’ म्हणजे संकट ओढवणे. पानिपतची लढाई १४ जानेवारीला, म्हणजे मकरसंक्रांतीला झाली आणि घराघरांत त्या सणादिवशी सुतक आले म्हणून हा अर्थ रूढ झाला, असे दर वर्षी जानेवारीत हमखास सांगितले जाते. कथा हृदयस्पर्शी आहे, पण पंचांग तिच्या आड येते. मकरसंक्रांत म्हणजे सूर्याचा नक्षत्रांवरून मोजलेल्या मकर राशीत प्रवेश. हे नाक्षत्र वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असल्याने इंग्रजी तारखेच्या मानाने संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या मकरसंक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १७६१ मध्ये, संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. लढाईचा दिवस हा पौष शुद्ध अष्टमीचा बुधवार होता, तीळगुळाचा नव्हे. आजची तारीख मागच्या शतकांवर लादली की असा गोंधळ होतो.

मग संक्रांतीला अशुभ अर्थ आला कोठून? त्याचे उत्तर पंचांगाच्याच पानावर आहे. संक्रांत ही तेथे एक देवता असते. दर वर्षी तिचे वाहन, उपवाहन, वस्त्र, हातातले शस्त्र आणि ती कोणत्या दिशेकडून येऊन कोणत्या दिशेला पाहते, हे दिलेले असते. ती ज्या बाजूला वळते त्या बाजूला पीडा, ज्या वस्तू ती धारण करते त्या महाग, अशी फळे भटजी वाचून दाखवत. ‘यंदा संक्रांत कोणावर?’ हा प्रश्न या वर्षफलातून आलेला आहे आणि त्याला पानिपताची गरज नव्हती. पानिपतने त्याला फक्त एक ओळखीचा चेहरा दिला.

पंचांगातील काळमोजणीने या मुलखाला आणखी एक दंतकथा दिली आहे, तिचा उल्लेख थोडक्यात पुरे. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेले नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास, बाराव्या वर्षी आसनगाव येथील लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकून पळाले, असे रामदासी परंपरा सांगते. त्यावरून हा शब्द वराला दिलेली धोक्याची सूचनाच आहे, अशी थट्टा लग्नात अजून चालते. वस्तुतः ‘सावधान’ हा पुरोहिताचा घड्याळाशी असलेला व्यवहार होता. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवीत. छिद्रातून थेंबाथेंबाने पाणी चढून चोवीस मिनिटांत ती भरे आणि बुडे, म्हणजे एक घटका झाली. मुहूर्ताची घटका भरत आली की अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी सर्वांनी लक्ष द्यावे म्हणून तो पुकारा होई. घंगाळ नाहीसे झाले, मनगटी घड्याळे आली, तरी ‘त्याची घटका भरली’ असे शेवट जवळ आलेल्या माणसाबद्दल म्हणताना मराठी बोलणारा त्याच वाटीचे बुडणे पाहत असतो.

जिल्ह्याच्या उत्तरेला केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. त्याच महिन्याच्या आरंभी, २ तारखेला, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. असईला शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना नदीपलीकडे मांडलेला होता आणि वाटाड्यांनी उतार नाही, असे सांगितले होते. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. वेलस्लीला मात्र दोन काठांवर अगदी समोरासमोर दोन गावे दिसली आणि मध्ये येण्याजाण्याची वाट असल्याशिवाय अशी गावे वसणार नाहीत, असे अनुमान करून त्याने तेथूनच फौज पार केली. उतार निघाला. त्याच्या बाजूची सुमारे दीड हजार माणसे मेली किंवा जखमी झाली, शिंद्यांच्या ९८ तोफा गेल्या. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावर, युद्धातील आपली सर्वांत चांगली कामगिरी कोणती, या प्रश्नाला त्याने ‘असई’ एवढेच उत्तर दिल्याचे सांगतात.

या वेलिंग्टनने १८ जून १८१५ रोजी बेल्जियममधील वॉटर्लू येथे नेपोलियनला हरवले आणि त्या गावाच्या नावावरून ‘एखाद्याला त्याचे वॉटर्लू भेटणे’ हा इंग्रजी वाक्प्रचार निघाला. पानिपत आणि वॉटर्लू या दोन भाषांमधल्या, अंतिम पराभव सांगणाऱ्या स्थलनामांची एकेक वाट जालना जिल्ह्यातून जाते, हा योगायोग विलक्षण आहे. पण त्याहून लक्षणीय आहे ती त्यांच्यातली तफावत. वॉटर्लू हा शब्द जिंकलेल्यांच्या भाषेने हरलेल्यासाठी घडवला, तर पानिपत हा शब्द हरलेल्यांनी स्वतःच्या जखमेला दिलेले नाव आहे. आणि ज्या भूमीवर असईची लढाई झाली, तेथील भाषेत असईचा वाक्प्रचार झालाच नाही. ‘त्याची असई झाली’ असे कोणी म्हणत नाही. मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर असईचा हत्ती आजही आहे, म्हणजे आठवण शिल्लक राहिली ती जिंकणाऱ्या बाजूच्या पलटणीत. पानिपतात महाराष्ट्रातील घरटी माणूस गेले अशी भावना होती. असईला मेले ते मोठ्या प्रमाणात युरोपीय अंमलदारांच्या हाताखालचे, दूरदूरहून भरती केलेले पगारी शिपाई होते आणि रणांगणातला त्यांचा मुख्य अंमलदार पोलमन हा हानोव्हरचा जर्मन होता. ज्या मरणाने गावातल्या चुली विझत नाहीत, त्या मरणाचा वाक्प्रचार होत नाही, असे या तफावतीवरून म्हणता येते.

असईचा परिणाम मात्र या मुलखाच्या बोलीवर दुसऱ्या मार्गाने झाला. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला, त्यात जालनापूरचा किल्ला आणि परगणाही होता, आणि तो निजामाकडे गेला. म्हणजे जालना कायमचे ‘मोगलाई’त गेले. निजामाच्या राज्याला मोगलाई म्हणण्याचे कारण असे की त्या घराण्याचा मूळ पुरुष निजामुल्मुल्क हा दिल्लीच्या बादशहाचा दक्षिणेतील सुभेदार होता. १७२४ मध्ये जालन्याला लागूनच असलेल्या आजच्या बुलढाणा जिल्ह्यात साखरखेर्ड्याची लढाई जिंकून तो जवळपास स्वतंत्र झाला, तरी पुण्याच्या दरबाराच्या लेखी तो मोगलच राहिला आणि त्याचा मुलूख मोगलाईच. पेशवाईतील पत्रांत ‘स्वराज्य’ आणि ‘मोगलाई’ ही शेजारशेजारच्या दोन हद्दींची नावे आहेत. त्या मुलखात एकाच गावातून मोगलांचा अंमलदार आपला महसूल घेई आणि मराठ्यांचा कमाविसदार, म्हणजे वसुली अधिकारी, शेकडा पंचवीस चौथाई आणि शेकडा दहा सरदेशमुखी मागे. दोन धन्यांच्या या दुहेरी अमलात रयतेला दाद कोणाकडे मागावी ते कळत नसे. बेबंदशाहीला मोगलाई म्हणण्याची रीत अशा व्यवहारांतून आली असावी, आणि गंमत अशी की त्या बेबंदशाहीत निम्मा हात मराठ्यांच्याच वसुलीचा होता.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेल्यावर जालना आणि बुलढाणा यांच्यामधली हद्द दोन राज्यव्यवस्थांची हद्द झाली आणि पलीकडच्यांना अलीकडचा मुलूख दाखवायला मोगलाई हा शब्द पुढची जवळजवळ शंभर वर्षे पुरला. दिल्लीचे मोगल तख्त १८५७ च्या उठावानंतर नाहीसे झाले होते, तरी जालन्याचा रहिवासी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत शेजाऱ्यांच्या बोलण्यात मोगलाईतच राहत होता. त्या दिवशी हैदराबाद संस्थान शरण आले आणि शब्दाची भूमी संपली. अर्थ तेवढा उरला. रेशनच्या रांगेत कोणी मध्येच घुसला किंवा शेजाऱ्याने बांध कोरला की ‘काय मोगलाई लागून गेली का?’ असे ज्या घरांतून आज ऐकू येते, त्यांतील कित्येकांचे पणजोबा त्याच मोगलाईत सारा भरत होते.